स्वेल्ट नावाची गाय

"आत या ना. दारात का थांबलात?" तोर्गुन म्हणाली.

अमेरिकेहून आलेला सेल्मर फागर्ली उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकून थबकला होता. टोपी हातात. छताची काळी तुळई त्याच्या समोरून आडवी गेली होती, आणि तो बरोबर तिच्या अलीकडे उभा होता. साठी उलटलेला, धिप्पाड, उंची कोट घातलेला माणूस. पण पाऊल काही पुढे पडेना.

"वडिलांची शिकवण," तो हसून म्हणाला. आजोबांकडून आलेलं जुनं नॉर्वेजियन बोलायचा तो, आता या खोऱ्यातही कुणी बोलत नाही असं. "मायदेशी कुणाच्या घरी गेलं, तर घरधनी बोलावीपर्यंत तुळईच्या पुढे जायचं नाही. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. खानदानी रीत!"

तोर्गुनने हातातली किटली चुलीवर परत ठेवली. खानदानी कसली, डोंबल! फागर्ली हे तिचं शेत, आणि तिच्या घराण्याच्या माणसांनी ही रीत कधी पाळली नव्हती, पाळायला लावली होती. भिकाऱ्यांना, फिरस्त्यांना, आणि मालकाच्या शेतावर राबणाऱ्या कुळांना. तुळईच्या पुढे यायचं ते 'ये' म्हटल्यावरच.

सेल्मरने आत येऊन खिशातून पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली. वडील वसंतात गेले, म्हणाला. थडग्याच्या दगडावर 'फागर्लीचे' असं कोरून घ्यायचंय, आणि दगडाखाली आपल्या शेतातली मूठभर माती घालायचीय. 'आपल्या' म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

तोर्गुनचा नवरा ओस्मुन लगेच फावडं आणायला उठला. ती त्याच्या मागोमाग माजघरात गेली.

"हा आपल्यातला नाही रे," ती हळूच म्हणाली. "कुळांपैकी आहे."

"मग? घेऊ दे की मूठभर. माती ती माती."

"नाव आपलं लावतोय."

"मी नाही का लावत?" ओस्मुन हसला. "लग्न करून तुझ्या शेतावर आलो आणि फागर्ली झालो. आपल्याकडे माणूस राहील तिथलं नाव लावतो. उगाच म्हाताऱ्याचं मन मोडू नकोस. कॉफी पाज आणि लाव वाटेला."

"बाप मेलाय त्याचा, ओस्मुन. बापाच्या उरावर परक्याची माती घालू देऊ?"

ओस्मुनने फावडं उचलून दाराशी नेऊन ठेवलं.

तोर्गुन बाहेर आली, सेल्मरसमोर बसली. "तुमच्या घरात या शेताशिवाय दुसरं कुठलं नाव निघायचं का हो? आठवून बघा."

"छे. फागर्ली एके फागर्ली." मग तो जरा थांबला. "हां, एक गाय होती. आजोबा म्हातारपणी रडायचे तिच्या आठवणीने. 'स्वेल्टला टाकून आलो, स्वेल्टला टाकून आलो.' लळा लागला असणार."

तोर्गुनने डोळे मिटले. आता गप्प बसणं म्हणजे पापच होतं.

"ती गाय नाही," ती म्हणाली. "जागा आहे. वर रानात. तुमची माणसं तिथे राहायची, आमची कुळं म्हणून. स्वेल्ट म्हणजे उपासमार. तिथे काही पिकायचं नाही. माझ्या पणजोबांनी थट्टेनं ठेवलेलं नाव, ते चिकटलं. गावात त्यांना स्वेल्टचेच म्हणायचे."

सेल्मरचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. बराच वेळ तो डबीचं झाकण उघडत-मिटत राहिला.

"म्हणजे गाय नव्हती," तो म्हणाला.

"गाय असती तर बरं झालं असतं."

"मला दाखवा."

दोघं चढून वर गेली. ओस्मुन खालीच राहिला. घर कधीच पडलं होतं. चुलीचे चार दगड आणि त्यांत माजलेली झुडपं, एवढंच उरलं होतं. सेल्मरने कोट काढला, फावडं मारलं. खण्‌! जागा बदलून पुन्हा मारलं, पुन्हा खण्‌! शेवटी गुडघे टेकून त्याने दगडांच्या फटीत बोटं घातली आणि चिमूट चिमूट माती खरवडून काढली. डबीचा तळ कसाबसा झाकला. इथे माणसं जगली कशी, याचं तोर्गुनलाच नवल वाटलं; आणि इतक्या वर्षांत आपण एकदाही इथे वर आलो नाही, याची लाज वाटली.

"म्हणजे आजोबा खोटं बोलले," सेल्मर म्हणाला.

"बोटीवरून उतरल्यावर कुणीतरी नाव विचारलं असेल. उपासमार असं कसं सांगणार हो? सकाळी दार उघडल्यावर समोर जे दिसायचं, ते सांगितलं."

खाली उन्हात फागर्ली पसरलं होतं. हिरवंगार, बांधापासून बांधापर्यंत. सेल्मर बघत राहिला.

"नाव तुमचं आहे," तो म्हणाला. "मी ते लावू नये. पण पाथरवट तिकडे खोळंबलाय. काय कोरायला सांगू त्याला?"

"फागर्ली सांगा."

"आता कसं सांगू?"

"त्या शेतातले दगड तुमच्या माणसांनी उपसले. तो बांध त्यांनी रचला. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत राबायची, आणि रात्री इथे येऊन उपाशी झोपायची."

"आणि तुमची माणसं?"

"आमची?" तोर्गुन म्हणाली. "आमच्यांनी नुसती नावं ठेवली."