पंचमीची बंदूक

पहिली गोळी प्रसेनजीतच्या छातीवर फुटली आणि आतला निळा, चिकट रंग शर्टावरून पोटापर्यंत ओघळला. अंगणात हशा पिकला. प्रसेनजीतही हसला. छाती चांगलीच चुरचुरत होती, पण मालकाच्या पोरानं आपणहून रंग खेळायला घेतल्यावर तोंड वाकडं कसं करायचं?

मालकाचा पोरगा सयाजी. रंगाच्या गोळ्या मारायचं पिस्तूल त्यानं परवाच पुण्याहून आणलं होतं. पिस्तुलाच्या मुठीत अंगठ्याएवढी पोलादी नळी बसवायची, नळीत दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड. घोडा ओढला की फट्‌!

"काय सुपरवायझर! आपल्या फौंड्रीत साचं घट्ट करायला सोडतोस न्हवं, त्योच गॅस हाय ह्यो," सयाजी ओरडला.

प्रसेनजीत मालकांच्या त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत सहा महिन्यांपूर्वी सुपरवायझर झाला होता. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच. या बंगल्यात रंगपंचमीला आजवर फक्त पाहुणे आणि साहेबलोक यायचे. यंदा मालकांनी, हंबीररावांनी, फौंड्रीत उभं राहून सांगितलं होतं, की सगळ्यांनी यायचं, घरच्यांना घेऊन यायचं आणि पुढच्या फाटकानं यायचं. टाळ्या सगळ्यात आधी प्रसेनजीतनंच वाजवल्या होत्या.

त्याची आई, आक्काताई, मात्र यायला तयार नव्हती. याच बंगल्याच्या मागच्या दारी भांडी घासून तिनं पोराला शिकवलं होतं.

"म्हाईत हाय मला त्यांची पंचमी," ती म्हणाली होती. "गच्चीवरनं बादली वतत्यात आपल्या लोकांवर."

"आई, दिस बदलल्यात आता. तू चल तर खरं. तुझ्या डोळ्यांनी बघ."

ती आली. इस्त्रीचं लुगडं नेसून आली आणि फाटकाजवळच उभी राहिली. आईनं एकदा हे बघावं, एवढीच प्रसेनजीतची आस होती. पगारवाढ मिळाली नसती तरी चाललं असतं त्याला.

अंगणात रंग भरात आला. जयसिंगपूरचा पार्श्वनाथ हिशेब बघायचा, प्रसेनजीतच्या शेजारच्याच टेबलावर. तो आत शिरला तसं सयाजीनं पिस्तूल कमरेला खोचलं, ताटातला गुलाल दोन्ही मुठींत घेतला, त्याच्या गालांना चोळ चोळ चोळला आणि वर मिठीही मारली. मग झाडलोट करणारा ज्ञानू आला. सयाजीनं पिस्तूल काढलं. गोळी ज्ञानूच्या कानावर बसली. म्हातारा कळवळून खाली बसला, तर सगळ्यांना ती गंमत वाटली.

दुसरी गोळी प्रसेनजीतच्या मानेवर फुटली. तिचं फाटलेलं बुळबुळीत साल शेंबडासारखं कॉलरवर लोंबत राहिलं. रंगाचा एक शिंतोडा तोंडात गेला. कडवट, तेलकट चव. त्याला थुंकायचं होतं, पण व्हरांड्यात हंबीरराव बसले होते. त्यानं गिळलं. गिळायची सवय असली की माणूस काहीही गिळतो.

तेवढ्यात सयाजीनं फाटकाकडे नेम धरला. फट्‌! आक्काताईच्या खांद्यावर, इस्त्रीच्या लुगड्यावर, निळा डाग पसरला. ती दचकली. तिनं खांदा धरला.  सण आहे, प्रसेनजीतनं मनाला बजावलं, सणाला एवढं चालायचंच.

तो आईजवळ गेला. तिचा हात धरून तिला अंगणाच्या मधोमध घेऊन आला. सयाजीनं पुन्हा त्याच्यावर नेम धरला आणि घोडा ओढला. फुस्स! गोळी न फुटताच सयाजीच्या आणि त्याच्या मधे पडली. सयाजीनं नळी उपसून फेकली. गार पडून तिच्यावर पांढरं दव धरलं होतं. त्यानं नळ्यांची डबी उपडी केली. डबी रिकामी.

"संपल्या की रं नळ्या," सयाजी म्हणाला.

"संपू देत की, दादा!" प्रसेनजीत हसत पुढे झाला. शेजारच्या स्टुलावर गुलालाचं ताट भरलेलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि गाल पुढे केला. "हातानं लावा. आई, बघ गं."

सयाजीचे दोन्ही तळवे पार्श्वनाथच्या गुलालानं अजून लालभडक होते. त्यानं ते पँटला पुसले आणि पाठीमागे नेले. मग व्हरांड्याकडे बघितलं.

"आरं प्रसेनजीत, नाराज हू नगंस," हंबीरराव मोठ्या मायेनं म्हणाले. "वर्साचा सण हाय, तुला रंग लावल्याबिगार सोडतोय व्हय?" आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी काढ रं! त्या बंदूकवाल्याला घरातनं उठीव आन्‌ नळ्या घिऊन ये. जरा जास्तीच आण, ही मंडळी खोळंबल्यात."

प्रसेनजीतनं डोळे उघडले. गाडी फाटकाबाहेर पडत होती. ताटातला गुलाल तसाच होता. पार्श्वनाथ खाली मान घालून बुटाचं टोक बघत होता. प्रसेनजीतला किळस आली. मानेवरच्या त्या बुळबुळीत सालाची आली, मालकांच्या मायेची आली आणि मघापासून आपण हसतोय त्याची तर सगळ्यात जास्त आली.

आक्काताईनं पदराच्या टोकानं त्याची मान पुसली.

"तू म्हणालास ते खरं हाय, बाळा," ती म्हणाली. "दिस बदलल्यात. आमच्या येळंला नुसती बादली हुती."