नमुन्यातलं नाव

१९९६ साल. धुळ्याजवळच्या सूतगिरणीत हजेरी कॉम्प्युटरवर गेली. एफ-वनची कळ दाबताच कोणतं काम कसं करायचं ते स्क्रीनवर दाखवतील अशी मदतीची चित्रं तयार करायला साहेबांनी आजवर वहीत हजेरी मांडणारे जुने टाइमकीपर हिलालनाना यांना बसवलं.

'कामगाराचं नाव कमी करणे' या चित्रात नमुन्यासाठी एक नाव हवं होतं. दुसऱ्या कुणाचं घालणं अशुभ, म्हणून नानांनी स्वतःचंच घातलं.

महिनाअखेरीस खऱ्या हजेरीतून नानांचं नाव गेलेलं.

"येडी शेस का व उज्ज्वला?" नाना कॉम्प्युटर ऑपरेटरला हसून म्हणाले. "तो नुसता नमुना शे!"

उज्ज्वला मान वर न करताच म्हणाली,



"साहेबांनीच काढायला सांगितलं, नाना. आधी फक्त एवढं विचारलं, 'नानांची सगळी चित्रं झाली ना?'"