दुसरी खूण

“देवळाचो कळस सगळ्यांक म्हायत. त्याच्या रेषेत काय धरायचा, बाबा?” वर्षालीने चौथ्यांदा विचारलं.

धोंडू तांडेल पडवीत बसून जाळ्याच्या तुकड्यावर बोटं चाळवत होता. गाठ कशी मारायची ते बोटांना आठवत होतं. बाकीचं सगळं ओहोटीला लागलं होतं.

बाहेर खोल पाण्यात बुडालेल्या खडकांचं एक खडप होतं, तांबोशी माशांनी भरलेलं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की होडी नेमकी त्याच्यावर यायची. पहिली खूण गावाला ठाऊक. दुसरी एकट्या धोंडूला, त्याच्या बापाने मरताना कानात सांगितलेली. समुद्र कुलूप, खूण किल्ली.

होडी आता त्याचा मुलगा नितेश चालवायचा. त्याने दोन वर्षं विचारलं, म्हाताऱ्याने दाद दिली नाही. म्हणून त्याने बहिणीला कॅनडाहून बोलावून घेतलं.

“तुज्या त्या चिपीत घाल बाबांक,” तो दारातून म्हणाला. “उजेड ऱ्हवता, तर खूण ऱ्हवाची नाय?”

वर्षाली कसनुशी हसली. तिकडच्या प्रयोगशाळेत नखाएवढ्या चिपमध्ये ती उजेडाचा एक कण अडवून धरायची. त्यात गुप्त निरोप असायचा. ज्याचा त्यालाच मिळणारा, वाटेत कुणी डोकावलं तर मोडून जाणारा. सात वर्षं खपून तो टिकला पापणी लवते त्याच्या लाखाव्या हिश्शाइतका. बापाने खूण पन्नास वर्षं धरली होती.

तिला मात्र कधी सांगितली नव्हती. लहानपणी हट्ट धरला की म्हणायचा, “आधी मोठी हो गो, मगे बघया.” अठ्ठ्याण्णव साली ती गाव सोडून निघाली, तेव्हा निरोप द्यायलाही तो समुद्रावरून आला नाही. खूण नितेशचीच, हे तिने तेव्हाच समजून घेतलं.

“बाबा, मी वर्षू.”

धोंडूने तिच्या आखूड, पिकू लागलेल्या केसांकडे पाहिलं. “वर्षू दोन वेण्यांची. तू कोणाची गो?”

“मगे नितेशाक तरी सांगा.”

“त्याका कित्याक?”

बोटं थांबली. दाराकडे नजर टाकून त्याने तिला जवळ ओढलं, आवाज उतरवला.

“तू बऱ्या घरची दिसतंस म्हणान सांगतंय. माझी वर्षू लांब गेली हा. खूण तिच्यासाठी ठेवलंय. खंय भेटली तर सांग तिका, बाबान अजून कोणाक सांगूक नाय.”