कात

"आई, याला उंच बरणी हवी गं. तो उलटा लटकून कात टाकतो," बोटाच्या पेराएवढा हिरवा प्रार्थना कीटक तळहातावर घेऊन नऊ वर्षांची शाल्मली म्हणाली.

वैजयंतीची ऑफिसला निघायची घाई चालली होती. "किड्याला कसला बंगला हवाय?" म्हणत तिनं पेढ्यांचा बसका प्लास्टिकचा डबा रिकामा केला, झाकणाला भोकं पाडली आणि तो लेकीच्या हातात ठेवला. उंच बरणी फडताळात होती, पण तिच्यातली डाळ कोण काढत बसणार?

शाल्मली रोज त्याला चिलटं पकडून घालायची. आठव्या दिवशी सकाळी तो झाकणाला लटकून कातीतून अर्धा बाहेर आला, पण खाली सरकायला जागाच नव्हती. त्याचे पाय तळाला टेकले आणि तसेच वाकडे वाळले. संध्याकाळी तो मेला.

डाळ काढायला दोन मिनिटं लागली असती, हे वैजयंतीच्या मनातून जाईना. "दुसरा आणू हं आपण," ती लेकीला जवळ घेत म्हणाली. शाल्मलीनं नुसती मान हलवली. ती रडली नाही, आईला बोललीही नाही.

महिन्याभरानं शाळेचे मोजे धुवायला घेताना वैजयंतीला त्यांवर रक्ताचे डाग दिसले. तिनं शाल्मलीला बोलावून पाय पाहिले. बूट केव्हाच लहान झाले होते. दोन्ही अंगठ्यांवरचे फोड फुटले होते.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

शाल्मलीनं हळूच पाय मागे घेतले. "चालतंय की त्यातच," ती म्हणाली. "तू घाईत असतेस ना."