चोवीस तासांचा पट्टा

कारभारी तिसऱ्यांदा उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यात नुसते बीपीचेच पेशंट, आणि भिंतीवर पाटी, 'शांत बसा.' शांत बसता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो, असं त्याच्या मनात आलं.

अंबडच्या एका कारखान्यात तो क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये तो, खाली माणसं आणि मध्ये लोंबकळणारा दोन टनांचा साचा. महिन्यापूर्वीच्या तपासणीत बीपी जास्त निघालं आणि साहेबांनी बजावलं, स्पेशालिस्टचा कागद आणा, नाहीतर क्रेन विसरा. अठरा वर्षं वर बसलेल्या माणसाने आता खाली झाडू मारायचा, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या. काल त्यांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून कमरेला मशीन अडकवलं. दर अर्ध्या तासाला ते गुरगुरायचं, दंड आवळायचं आणि आकडा टिपून ठेवायचं.

दिवसभर कारभारी त्या मशीनवर करवादत होता. रात्री जेवताना म्हणाला, "हे काय झोपू देणार नाय."

"पडा तुम्ही. व्हईल सगळं नीट," त्याची बायको बायडाबाई म्हणाली. डोक्याला फडकं आवळून ती झेंडूची फुलं निवडत बसली होती. तिचं डोकं सारखंच दुखायचं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, मला काय धाड भरलीये?

नवल म्हणजे कारभारी पडल्या पडल्या घोरायला लागला, तो उजाडल्यावरच उठला. पट्टा दंडावर जागच्या जागी होता.

आता दोघांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"दिवसाचे आकडे छान आहेत. गोळी लागू पडलीय."

कारभारीच्या जिवात जीव आला.

"पण रात्री अकरा ते पहाटे पाच, दोनशे दहाच्या खाली उतरतच नाही. खालचं एकशे तीस. मेंदूतली रक्तवाहिनी कधी फुटेल सांगता येत नाही. आजच्या आज भरती व्हायला हवं."

"आणि क्रेन?"

"क्रेनचं नावसुद्धा काढू नका."

बायकोकडे बघायचा कारभारीला धीर होईना.

बायडाबाई मात्र हसत होती. महिनाभरात ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली.

"रात्रीचं सोडा हो बाई," ती म्हणाली. "यांची झोपमोड नको म्हणून हे झोपल्यावर पट्टा मीच माझ्या दंडाला बांधला व्हता, पहाटं परत यांना लावला. म्हंजे यांची क्रेन जात नाय ना?"