दुसऱ्या वर्षाचा पिचर

शुभंकरला पैसे देऊन बेसबॉल खेळायला बोलावणाऱ्या दुबईच्या क्लबाला दिवेलागणीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि विजयकुमार पोह्यांच्या बशीमागून ठामपणे नाही म्हणत होते.

"बेसबॉल काही पळून नाही चालला. आधी बी.कॉम. कर. उद्या खांदा निखळला, तर लोक तुले काय विचारतीन? चेंडू किती जोरात फेकत होता, का शिकला किती?"

शुभंकर क्वार्टरच्या खिडकीबाहेर पाहत राहिला. तो विद्यापीठाचा सर्वांत वेगवान पिचर होता. त्याचा चेंडू दिसण्याआधी ऐकू येतो, असं फलंदाज म्हणत. मात्र बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हिशेबाच्या पेपरात तो दोनदा नापास झाला होता. ते दुःख विजयकुमारांनी एकट्यानं वाहिलं. पोलाद कारखान्याच्या लेखा विभागात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्याच पोटी ताळेबंद न जुळणारा मुलगा यावा! संध्याकाळी भट्ट्यांच्या वरचं आकाश तांबडं झालं, की त्यांना तिथेही लाल शाईतले गुण दिसत.

तेवढ्यात कॉलेजचे क्रीडाशिक्षक टिकाराम सर आले. विजयकुमार सावरून बसले. हा माणूस आता पोराची वकिली करणार, हे उघड होतं.

"भाऊसाहेब, मी तुमच्याच बाजूनं आहो," सर चप्पल काढता काढताच म्हणाले. "पहिले डिग्री. कायची घाई हाय?"

विजयकुमारांना भरून आलं. त्यांनी आत बायकोला हाक दिली. "कमलिनी, सरांच्या पोह्यांवर शेव घाल!"

"आरामात शिकू द्या त्याले. अजून तीन-चार वर्षं."

"तीन-चार? आता राहिलं किती?"

"पास झाला तर थोडंच हाय." सर मोकळेपणानं हसले. "पण पास कावून होऊ द्यायचा? पास होत गेला का कॉलेजातून गेला. मंग कप कोण आणन? मीच तर सांगतो त्याले, हिशेबाचा पेपर आधाच लिहत जा, बाबू."

शेवेचा डबा घेऊन आलेल्या कमलिनी दारातच थबकल्या.

विजयकुमार सावकाश मुलाकडे वळले. "म्हणजे ताळेबंद येते तुले?"

"येते ना, बाबा." शुभंकरची मान खाली होती. "दोनों बार टॅली झाला होता. मग खोडला. सर बोले, टीम का सवाल है."

विजयकुमारांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मुलाला हिशेब येतो, या आनंदानं त्यांचे डोळे पाणावले. त्याच डोळ्यांनी ते मग सरांकडे पाहू लागले. आवाज मात्र त्यांनी कचेरीतला, कोरडा लावला.

"सर, यानं क्लबाचं मानधन घेतलं, तर तुमच्या संघात खेळता येईल?"

"नाही ना जी! एकदा पैसे घेऊन खेळला का विद्यापीठात बंद. मंग तो माह्या काय कामाचा?"

"आणि त्याचा पेपर?"

"मले काय करायचं त्याच्या पेपराचं? कॉलेजाबाहेरून प्रायव्हेट बसन, पूर्ण लिहीन खुशाल."

विजयकुमारांनी टेबलावरचा फोन उचलला आणि शुभंकरच्या हातात ठेवला.

"हो म्हण दुबईवाल्याईले," ते म्हणाले. "नाही तर या जन्मात तू ग्रॅज्युएट होत नाही."