आखूड सोंडेचा रुपया

रुपया पाण्यातून वर आला तेव्हा कावेरीला आधी आनंदच झाला. इतका लख्ख, की पंचम जॉर्जच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. मग तिने तो उजेडात धरला, राजाच्या अंगावरचा इवलासा हत्ती पाहिला, आणि तिच्या हातातली चिंच मोरीत पडली.

हत्तीची सोंड आखूड होती. म्हणजे हा तोच रुपया.

या घरात राहून तो रुपया ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. स्वातंत्र्य मिळून चाळीस वर्षं झाली, तरी तिच्या सासऱ्यांच्या, तुकोजीरावांच्या खोलीतून पंचम जॉर्ज काही हलला नव्हता. तुकोजीराव निवृत्त ड्रॉइंग मास्तर. इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी पाडलेली नाणी ते जमवत आणि येईल त्याला धरून एकोणीसशे अकराच्या या रुपयाची गोष्ट ऐकवत. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके, की लोकांना ते डुक्करच वाटलं. बाजारात गिल्ला झाला. सरकारने घाईघाईने रुपये मागे घेतले, वितळवले आणि पुढच्या वर्षी सोंड लांब करून नवे पाडले. त्या कारागिराला इथे म्हैसूरला आणून एक दिवस दसऱ्याच्या हत्तीसमोर बसवायला हवं होतं, असं म्हणून तुकोजीराव दर खेपेला नव्याने हसत.

पण त्यांचा खरा जीव होता रुपयाच्या काळेपणावर. त्यावरचा निळसर, जांभळट झाक मारणारा थर म्हणजे नाण्याचं वय. तो पुसला की नाणं मेलं, असं ते बजावून सांगत. त्यांचे मित्र तिरुमलराव कशालाही चांगलं म्हणणाऱ्यांतले नव्हते, पण त्या थरापुढे तेही हात जोडत. उद्या दसऱ्याच्या नाणेप्रदर्शनात हा रुपया मधोमध मांडायचा होता.

आणि आज कावेरीने तो चिंच आणि राख लावून घासून काढला होता.

आज आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार, ते आज देवापुढे मांडायचं. तिचा नवरा मनोहर हूटगळ्ळीच्या कारखान्यात यंत्राला हार घालायला गेला होता. मंडी मोहल्ल्यात तिच्या माहेरी शिलाई मशिनींना कुंकू लागलं असेल. तुकोजीरावांचं हत्यार म्हणजे हा रुपया. लक्ष्मीपूजेचे दोनचार जुने रुपये ताटात होतेच, त्यांत त्यांनी तो केव्हा ठेवला, तिला कळलंही नव्हतं.

सासूबाई भवानीबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, सकाळच्या बसने टी. नरसीपूरला गेल्या होत्या. तिथे बहिणीचा पाय मुरगळला होता. संध्याकाळच्या पूजेला परत यायचं म्हणून निघण्याच्या घाईत त्यांनी दारातूनच सूचनांची सरबत्ती केली. ताटातली चांदी सगळी घास, काही म्हणून काळं ठेवू नको. मामंजींना दरवर्षी दसऱ्यात अशक्तपणा येतो, अंडी उकडून मागतील, दे. नवरात्र आहे म्हणून लाजतात, खोलीचं दार लावून खातात. आणि अंड्याला चांदीचा चमचा लावू नको, काळा पडतो.

कावेरीने जन्मात अंडं उकडलं नव्हतं. टेलरिंग करणाऱ्या विठ्ठलभक्तांच्या घरची पोर प्रेम करून फौजी मराठ्यांच्या घरात आली, यावर लग्नात पुष्कळ कुजबुज झाली होती. तुकोजीराव त्यावर अवाक्षर बोलले नव्हते, पण तीन महिन्यांत तिच्याशीही धड बोलले नव्हते. आज मात्र बोलणार, आणि काय बोलणार तेही तिला ऐकू येत होतं. तिला रडू फुटलं.

लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही. माहेरच्या गल्लीत जुन्या चांदीचं दुकान होतं. तिथे काळा रुपया मिळाला असता, पण आखूड सोंडेचा कुठून आणणार? शेवटी तिने तोंड धुतलं, रुपया कापडात घेतला आणि सासऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मामंजी, माझ्या हातून तुमचा रुपया धुतला गेला. चिंचेने. तो ताटात आहे म्हणून मला गोत्तच नव्हतं, खरंच ठाऊक नव्हतं."

तुकोजीरावांनी चष्मा चढवला. रुपया खिडकीशी नेला आणि कडेने धरून सावकाश फिरवला. कावेरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग तिला खुसखुस ऐकू आली. सासरे पोट धरून हसत होते.

"तुझ्या आत्याबाई दाढीत काळं सोडतात गे," ते डोळे पुसत म्हणाले. "तू एक कोपरा सोडला नैस."

कावेरीला काही उमजेना. "आत्याबाई? हाच रुपया?"

"लग्नानंतरच्या पहिल्या आयुधपूजेपासून, दरवर्षी. देवापुढं राजा घाण कशाला, म्हणून मायेनं घासते. वर्षभरात आपोआप काळा होतो असं वाटतं तिला. तिचं मन मोडवत नै मला." त्यांनी रुपया तिच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू येऊन सांगितलंस ते चांगलं केलंस. पण तिला सांगू नको. तिरुमलरावांना तर बिलकुल नको."

"पण उद्या प्रदर्शन आहे, मामंजी."

"आय्तु, बरोबर, म्हणून तर घाई. जा, दोन अंडी उकडायला ठेव."

कावेरीने जन्मातली पहिली अंडी उकडली आणि सोलून आणली. तुकोजीरावांनी तिला आत घेऊन दार लावलं, पांढरं तोंडात टाकलं, पिवळं एका डब्यात कुस्करलं, त्यावर जाळीचं कापड अंथरलं आणि पंचम जॉर्जला त्यावर नीट झोपवून झाकण घट्ट लावलं. कावेरीला अंड्याने काळा पडणारा चांदीचा चमचा आठवला आणि हसू फुटलं.